पुढे पाहा, म्हणे

गाडीने मला पहिल्यांदा झोपाळू ठरवलं ते भर सकाळी, लख्ख उन्हात, पोटात दोन कप चहा गेलेला असताना. त्सुकुबा शहराच्या रुंद, सरळसोट रस्त्यावरून मी मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन निघाले होते. टुण् असा आवाज झाला, समोरच्या पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र आलं आणि एक अतिशय सुसंस्कृत बाई जपानीत म्हणाली, "आपण थकलेल्या दिसता. कृपया विश्रांती घ्यावी."

"तूच घे," मी म्हटलं. मागे बसलेली माझी आठ वर्षांची लेक खुदकन हसली.

गाडी नवी कोरी, इलेक्ट्रिक. निवड नवऱ्याची. तो इथल्या एका संशोधन संस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि कॅमेरा म्हटलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. या गाडीला बाहेरून सगळीकडे कॅमेरे आहेत. ते रस्त्यावरचे पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवतात, पुढच्या गाडीपासून अंतर राखतात, कोणी आडवं आलं तर ब्रेक मारतात. आणखी एक कॅमेरा आत आहे, स्टिअरिंगच्या मागे. तो फक्त चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. डोळे रस्त्यावर नाहीत असं त्याला वाटलं की आधी टुणटुण, मग समज, आणि तरी ऐकलं नाही तर बाकीचे मदतनीस कॅमेरे संपावर जातात.

आता माझ्या डोळ्याविषयी. माझी डावी पापणी जन्मापासून अर्ध्यावर थांबलेली आहे. नजर उत्तम आहे. लहानपणी पुण्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, बघण्याचा नाही. पापणी खाली असल्यामुळे मी हनुवटी जरा वर करून बघते आणि त्यामुळे लोकांना मी शिष्ट वाटते. वाटू दे. शाळेत बाई खडू मारायच्या, कारण त्यांना मी पेंगतेय असं वाटायचं. लग्नासाठी फोटो काढायची वेळ आली तेव्हा मावशीने स्टुडिओत स्वतःचा गॉगल काढून माझ्या नाकावर ठेवला होता. "फॅशन वाटेल गं," ती म्हणाली. मी तो काढून तिच्या पर्समध्ये टाकला आणि तसाच फोटो काढून घेतला. तो फोटो बघून जो एकच मुलगा भेटायला आला, त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "झोप झाली नाही का?" मी म्हटलं, "डोळा असाच आहे. तू जागा आहेस ना?" त्याच्याशी मी लग्न केलं.

तोच नवरा आता म्हणायला लागला, "गाडी मी चालवतो ना."

त्याचा हेतू वाईट नव्हता. दर दोन मिनिटांनी गाडी बोंबलत असेल तर शेजारी बसलेल्या माणसाचा जीव वरखाली होणारच. पण त्सुकुबात गाडी हातात नसली की बाई घरात बसते. इथे सगळं लांब लांब आखलंय आणि बस येते ती आपल्या सवडीने. आधी त्याने शनिवारचा बाजार स्वतःकडे घेतला, मग पोहण्याचा क्लास. चावी दाराजवळच्या वाटीत असायची, ती त्याच्या खिशात राहायला लागली. मला कोणी काही बोललं नव्हतं, आणि माझी खुर्ची मात्र हलली होती.

हे लायसन्स मी कसं मिळवलंय ते त्याला माहीत होतं. भारतातलं लायसन्स इथलं करून घ्यायचं तर परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागते. पहिल्या वेळी मी एकही चूक केली नाही आणि नापास झाले. परीक्षक म्हणाले, "तुम्ही आरसे पाहिले असतील, पण तुम्ही पाहिलेलं मला दिसलं नाही." डोळे फिरवून चालत नाही, मान फिरवायची. डावीकडे वळताना तर खांद्यावरून मागे बघायचं, कारण कडेने सायकल येत असते. पुढच्या वेळी मी मान अशी फिरवली की परीक्षेच्या मैदानाबाहेर उभ्या माणसालाही कळावं. पास झाले. त्या परीक्षकावर माझा अजूनही राग नाही, कारण त्याने निदान काय केलं म्हणजे दिसेल ते सांगितलं होतं.

नवऱ्याला बरोबर घेऊन मी गाडी शोरूममध्ये नेली. तिथला गृहस्थ माझ्याशी न बोलता नवऱ्याशी बोलायला लागला. "ओकुसामा रात्री नीट झोपतात का?" ओकुसामा म्हणजे सौभाग्यवती, म्हणजे मी, त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी.

"झोपतात," मी म्हटलं. "आणि आत्ता जाग्या आहेत. चला, फेरी मारू."

तो बिचारा शेजारी बसला. आम्ही मोठ्या चौकात डावीकडे वळायला आलो. मी सिग्नल दिला, आरसा पाहिला आणि शिकवल्याप्रमाणे मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवरून सुसाट येत होती. मी थांबले. ती माझ्या दाराला जवळजवळ घासून पुढे गेली, आणि नेमक्या त्याच वेळी गाडी म्हणाली, "कृपया पुढे पाहा."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने सायकल पाहिली होती, आवाजही ऐकला होता. परत आल्यावर गाडीला तारा जोडून तासभर तपासणी झाली आणि त्याने वाकून सांगितलं की गाडीत काहीही दोष नाही. म्हणजे दोष कुणात ते उघड होतं. मग फार सौजन्याने, जरा घुटमळत, त्याने उपाय सुचवला. ओकुसामांनी गडद काळा चष्मा लावावा. डोळे दिसेनासे झाले की कॅमेरा डोळ्यांचा नाद सोडतो आणि फक्त डोकं सरळ आहे का तेवढंच बघतो.

जग फिरून मी पुन्हा मावशीच्या गॉगलपाशी आले होते. पण चावी परत हवी होती, म्हणून मी चष्मा लावला. आणि खरं सांगते, मजा आली. गाडी एकदम गरीब गाय झाली. टुणटुण नाही, कॉफी नाही, समज नाही. नवऱ्याने चावी वाटीत परत ठेवली आणि तो शेजारी बसून चक्क डुलक्या घ्यायला लागला. त्याला गाडीने एका शब्दाने टोकलं नाही.

माझ्या लेकीची डावी पापणी माझ्यासारखीच आहे. माझ्याइतकी खाली नाही, पण आहे. आम्ही त्याचा कधी बाऊ केला नाही आणि तीही करत नव्हती. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि जपानीत म्हणाली, "उद्या वर्गाचा फोटो आहे. मला तुझा काळा चष्मा दे."

"कशाला?" मी मराठीत विचारलं. आमचं असंच चालतं, मी मराठीत आणि ती जपानीत.

"म्हणजे कॅमेरा रागावणार नाही."

लाटणं हातात तसंच राहिलं. ती रडत नव्हती, रुसली नव्हती, पाण्याची बाटली मागावी तितक्या सहज मागत होती. मावशीला मी जे करू दिलं नव्हतं, ते मी महिनाभर रोज सकाळी स्वतःच्या हाताने करत होते, आणि ती मागच्या सीटवरून बघत होती. मग मला राग आला आणि बरं वाटलं, कारण रागात मला नीट सुचतं.

"चष्मा मिळणार नाही," मी म्हटलं. "हनुवटी वर कर आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघ. त्याला दिसलं नाही तर तो त्याचा प्रश्न."

"आणि गाडीचा?"

"तिचापण."

रात्री जेवताना मी चष्मा नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. "डुलक्या घेताना तूच लाव."

"अगं, मग ती वाजत राहील."

"वाजू दे."

"हायवेवर असिस्ट बंद करून टाकेल."

"करू दे. मी मुंबई-पुणे घाटात ट्रकांच्या मधून गाडी चालवलीय, तेव्हा मला कोण असिस्ट करत होतं? आणि चावी वाटीतच राहील. वाजतंय म्हणून ती खिशात गेली, तर मीपण वाजायला लागेन."

तो हसला, पण मी हसले नाही. मग त्याने वाटीकडे बघितलं आणि मान हलवली. त्याने गाडीच्या कंपनीला स्वतः एक लांबलचक मेल लिहिला, इंजिनिअर इंजिनिअरला लिहितो तसा. उत्तर आलं. फार नम्र होतं आणि त्यात काहीच नव्हतं.

वर्गाचा फोटो आला. माझी लेक दुसऱ्या रांगेत आहे, हनुवटी वर, शाळा आपल्याच मालकीची असल्यासारखी. तो फोटो आमच्या फ्रिजवर आहे आणि मी तो पुण्याला मावशीलाही पाठवला. तिने लिहिलं, "अगदी तुझ्यावर गेलीय." ते तिने कौतुकाने लिहिलं की कसं ते मी विचारलं नाही. मी कौतुक समजून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही फुनाबोरीला निघालो. तिकडच्या भारतीय दुकानातून पोहे, तूरडाळ आणि मिळालीच तर मेथी आणायची होती. चालवत मी होते, डोळ्यांवर काही नव्हतं. हायवेला लागलो आणि टुणटुण सुरू झाली. आधी कॉफीचा कप, मग लाल अक्षरं. नवऱ्याने गुडघे घट्ट धरले होते, पण शब्दाने बोलला नाही, याचं श्रेय मी त्याला देते. शेवटी गाडीने लेनची मदत काढून घेतली आणि स्टिअरिंग पूर्ण माझ्या हातात आलं. मी आरसा पाहिला, मान वळवून खांद्यावरून पाहिलं, आणि शांतपणे एका मोठ्या ट्रकला मागे टाकलं.

"कृपया पुढे पाहा," गाडी म्हणाली.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. चढा नव्हता, बाई मुलांना समजावतात तसा होता.

"पाहतेय ती. तिचं पाहणं असंच असतं."

लेक हे जपानीत म्हणाली ते बरंच झालं, कारण गाडीला मराठी येत नाही.