शेजारची सारंगी

नंदनवन कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि मी बँकेतून. ते तरुणपणापासून सारंगी वाजवतात. मला मात्र पेपर दुसऱ्यांदा वाचण्यापलीकडे काही सुचत नाही.

संध्याकाळचा चहा झाला की त्यांची भजनाची चाल सुरू होते. कधी सूर घसरतो. मग "हात् लेका!" असं स्वतःलाच म्हणून ते हसतात आणि तीच ओळ पुन्हा घेतात. त्या वेळी माझी बायको टीव्ही बंद करते. मी काही बोलायला लागलो तर हातानंच गप्प करते. त्यांचं ते हसणं मला फार खुपतं.

मागे ऑपरेशन होऊन ती घरी आली, तेव्हा कोणी न सांगता त्यांनी वाजवणं बंद केलं. मला बरंच वाटलं. पण थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "अहो, भाऊजी काहून वाजवून नाही राहिले? सांगा ना जाऊन, मले ऐकायचं आहे."

मी गेलो. तारांवर घासायचा सारंगीचा गज खिळ्याला टांगलेला होता. ते डोळे मिटून नुसती बोटं तारांवरून फिरवत होते. आवाज काहीच नव्हता. मधेच कुठं चुकलं असावं, कारण ते हसले. मला इतका हेवा वाटला की निरोप सांगायचं सुचेना.

"वाजवा आता," मी शेवटी म्हणालो.

"वहिनीले बरं आहे ना जी? मग घेतो गज. तसा मी वाजवूनच राहिलो होतो."

घरी आलो, तर बायकोनं उशी भिंतीकडे सरकवून घेतली होती.