सरपंचाच्या पायामागच्या रेघा

दिवाळीच्या आधीची सकाळ. अंगण सारवून मी ओट्यावर टेकले, तेवढ्यात आमचा सरपंच ओल्या सारवणावरून गेला... आणि त्याच्या मागच्या पायांमागं दोन रेघा उमटल्या. कुणी काडीनं ओढाव्यात तशा.

सरपंच म्हणजे आमचा कुत्रा. दिवसभर दारात बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरायचं आणि काम काही करायचं नाही, म्हणून मीच ते नाव ठेवलं. सांगतेय मी, मोबाईलवर लिहितेय नात. मला अक्षर येत नाही, काही चुकलं तर तिला बोला...

तसा तो पावसाळ्यापासूनच बिघडला होता. भाकरी अर्धीच खायचा, तरी फुगत चालला. शेपटीचे केस गेले, भर उन्हात जाऊन पडायचा. मी आपली चिडवायची, "काय सरपंच, खुर्ची गेली वाटतं?" मग एक दिवस त्याचं तोंड एका बाजूनं लोंबलं. भुंकणंही घोगरं झालं.

आणि आता या रेघा. मी म्हटलं, वारं गेलं अंगावरून... आमच्याकडं अशा जनावराला तापलेल्या विळ्यानं फऱ्यावर, मागच्या मांडीवर डाग देतात. शेजारच्या भीमा भाऊजींना मीच बोलावून घेतलं.

चुलीत विळा लाल झाला, तशी माझी सून सुनीता मधी येऊन उभी राहिली. "आत्या, आधी डॉक्टरला दाखवू. मग काय जाळायचं ते जाळा."

"तुला काय कळतं गं जनावरातलं?"

"न्हाई कळत. पर त्याला बोलता येत न्हाई, म्हून म्या बोलतेय."

सरपंचाला मात्र ऊब पाहिजे होती. तो पाय घासटत आला आणि त्या लाल विळ्याच्याच शेजारी, चुलीला पाठ लावून पडला... भाऊजी माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडून काही "द्या" निघेना.

पाटोद्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा मागचा पंजा उलटा टेकवला. तो सरळ करायचं सरपंचाला सुचेचना. मी रेघांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी नखं पाहिली... पुढून पार झिजलेली. "आजी, हे लई कामाचं सांगितलंत," म्हणाले. रक्त तपासायला बीडला पाठवलं.

निघालं काय, तर थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी नीट काम करेना, म्हणून नसा आणि स्नायू ढिले पडले. "गळ्यात बिघडलं तर पाय का म्हून घासटतो?" मी विचारलं. डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मला दोन्ही वेळा कळलं नाही.

त्यात गोळी कोणती, तर सुनीता रोज सकाळी उपाशी पोटी घेते तीच! वर डॉक्टर म्हणाले, घरातली काढून देऊ नका, कुत्र्याचा डोस वेगळा, सूनबाईपेक्षा मोठा. एवढंसं जनावर आणि डोस मोठा... माझं डोकंच चालेना.

येताना रिक्षात मला सुनीताचंच आठवायला लागलं. पाच वर्षं सुनीता म्हणायची, "आत्या, अंगात बळच न्हाई." आणि पाच वर्षं मी म्हणायची, "दोन भाकरी जास्त थाप, येतंय बळ." कुत्र्याचा आजार मला एका दिवसात पटला... सुनेचा का पटला नव्हता, हे अजून उमगत नाही.

गोळी सुरू होऊन महिना झाला. काल अंगण सारवलं. सरपंच त्यावरून गेला. तोंड अजून वाकडंच आहे, ते सरळ होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. पण उजव्या पायाची रेघ नव्हती. डाव्याची होती, तीही तुटक-तुटक... मी सुनीताला हाक मारली आणि दोघी बघत उभ्या राहिलो.

मला तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंडानं चिडवणंच जमतं मला, दुसरं काही जमत नाही. म्हणून नातीकडून हे लिहून घेतलं... सुनीताला वाचता येतं.