वाड्याच्या रक्ताचा जाब

माझ्या धाकट्या बहिणीला, डॉक्टर सुलभाला, तिच्या संशोधन संस्थेच्या संचालकांनी फसवलं, आणि तिला पुढे करून गोव्यातल्या पार्से गावच्या आमच्या अख्ख्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, फसवलं. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना आधी गोड लिहायची रीत आहे. सुलभाविषयी गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, तेही येईल. पण आधी हे.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीत टायरवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होतो. फोन तिच्या शेजारणीचा. मी तिथेच खाली बसलो, तेव्हा टायरवाला म्हणाला, "भाऊ, तुमचो भाव तो भाव, घेवन जावा." मी टायर न घेताच निघालो. नंतर तिच्या संस्थेत शोकसभा झाली. संचालकांनी तिच्या फोटोला हार घातला, तिला तपस्विनी म्हटलं. मी मधेच उठून विचारलं, "साहेब, आमच्या वाड्याच्या रक्ताचं काय झालं?" कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास धरला, दोघांनी दंडाला धरून मला बसवलं, आणि साहेब पुढच्या वाक्याला लागले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसतो आणि उठून बाल्कांवावर, दारापुढच्या सोप्यावर, येरझाऱ्या घालतो...

रक्ताची गोष्ट कळायची तर काकीपासून सुरुवात करायला हवी. आई लवकर गेली. आम्हा दोघांना काकीने वाढवलं, तिच्या लेकीबरोबर, सुनंदाबरोबर. मी शाळा सोडून खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो होतो, सुलभा शिकत होती. काकी तेव्हा म्हातारी नव्हती, केससुद्धा काळे होते. ती चुलीवर पेज ठेवून विहिरीवर जायची आणि कळशी हातात धरून तिथेच उभी राहायची. कशाला आलो ते आठवायचं नाही. एका सकाळी सुलभाची वेणी घालता घालता तिचे हात थांबले. तिने विचारलं, "तू कोणाची गो?" सुलभा अर्ध्या वेणीनेच शाळेत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "दादा, काकीची आईपण अशीच झालेली म्हणतात. का?" मी म्हटलं, देवाची मर्जी. ती माझ्यावर इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही.

त्या 'का'च्या मागे तिने जन्म काढला. शिकायला ती आधी म्हापशाला, मग बाहेर गेली, आणि जीवरसायनशास्त्रात डॉक्टर झाली. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं, की तू नेमकं करतेस काय? घरी आली होती, पायरीवर बसून फणसाचे गरे काढत होती. म्हणाली, "पाणी वगळलं तर मेंदूत निम्म्याहून जास्त चरबीच असते, दादा. ती चरबी एका पेशीकडून दुसरीकडे वाहून नेणारी प्रथिनं असतात. तुझे खनिज वाहणारे टिपर ट्रक समज. काही माणसांत हा टिपर जन्मतःच जरा वेगळ्या बांधणीचा असतो. त्यांना काकीसारखा आजार होण्याचा धोका जास्त. होईलच असं नाही, पण धोका जास्त."

"मग टिपर तपासायचा. त्यात काय?"

"सगळे तेच करतात, पण रिकामा तपासतात. रिकामा मिळायला सोपा."

मी हसलो. रिकामा टिपर चढावर उड्या मारतो, भरलेला मुकाट चालतो; एकच गाडी, पण चाल वेगळी. ती गऱ्याचा चिकट हात हवेत धरून म्हणाली, "हेच मी ओरडून सांगते! प्रथिनावर चरबी चढली की त्याचा आकारच बदलतो. माल चढवून बघा. पण कोणाला सवड आहे?" ती माल चढवूनच बघायची. त्यात आठवडे जात, अर्धे प्रयोग नासत. बरोबरीचे लोक भराभर निबंध छापून पुढे गेले, ही मागे राहिली. मी तिला चिडवायचो, "धंद्यात असती तर दिवाळं निघालं असतं तुझं." ती म्हणायची, "म्हणून तर तुला ठेवलाय धंद्याला."

मग तिला आमच्याच घराण्यांचं रक्त हवं झालं. आमच्या वाड्यावर काकीसारखी माणसं जरा जास्तच होती. मी घरोघर फिरलो. कोणी हात पुढे करेना. गावकर, म्हणजे आमच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे मानकरी, तिला तोंडावर म्हणाले, "रगत घेवन जातलंस, नाव तुझा होतला, आनी आमका काय? सुई टोचल्याची खूण?" ते खरं होतं. मी म्हटलं, सौदा दोन्ही बाजूंनी बोलला पाहिजे. ठरलं असं, की वाडा रक्त देईल, आणि ज्याला हवं त्याला त्याच्या रक्तात काय निघालं ते वाड्यावर येऊन सांगायचं. पण आमच्याकडे असल्या शब्दाला कागद चालत नाही. तो देवासमोर बोलावा लागतो.

सुलभाने हे संचालकांना कळवलं. आम्हांला वाटलं, नाही म्हणतील. ते तर स्वतः आले, पांढरा शर्ट घालून, फोटोवाल्यासह. देवळाच्या चौकात सगळा वाडा जमला. गावकरांनी नारळ त्यांच्या हातात दिला आणि सुलभाकडे हात करून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या ह्या चेडवान मान्सांचा रगत मागला हा. तां वाया जाव नये, आनी त्याचो जाब ह्याच वाड्यार येवन दिवची बुद्धी ह्या सायबांक दी रे म्हाराजा!" आमच्यात दर वाक्याला सगळ्यांनी हुंकार द्यायचा असतो. साहेबांनी दिला. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांपेक्षा मोठ्याने. बायका पदरात तोंड लपवून हसल्या. सुनंदा म्हणाली, "सायब आमचोच झालो गो!" आणि पहिला हात तिनेच पुढे केला.

सुलभाला त्या रक्तात काय दिसलं ते पुरतं मला समजत नाही. दिसलं एवढं खरं. साहेब ते घेऊन परदेशी सभांना गेले, मोठे झाले. तिने वाड्याला निकाल सांगायचं काढलं, तर उत्तर मिळालं, की वैयक्तिक निकाल द्यायचा नियम नाही. नमुने एका परदेशी कंपनीला दिले गेले, आणि कुठला नमुना कोणाचा हे जुळवायचा मार्ग तिच्यासाठी बंद झाला. ती भांडली. "मग तिथे नारळ धरून हो का म्हणालात?" साहेब तिला म्हणाले, "अहो डॉक्टर, ते गावकऱ्यांचं मन राखायला होतं. तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना?"

नियम असेलही. माझी त्याला हरकत नाही. धंद्यात मीही नियमावर बोट ठेवतो, पण माल उचलण्याआधी ठेवतो, नंतर नाही.

त्यानंतर ती वाड्यावर आली नाही. जत्रा चुकवली, चुलतभावाच्या मुलीचं लग्न चुकवलं. मला सांगायची काम आहे, आणि मी चिडायचो, की मोठी बाई झालीस! अखेरच्या आजारात तिने हे सारं मला सांगितलं, आणि मग स्वतःहून म्हटलं, "दादा, मला घरी ने." मी गाडी काढली. पार्सेत शिरताना ती काजूची झाडं बघत होती, मोहराचा वास घेत होती, हसत होती. वाड्याचं वळण आलं आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. "थांबव."

"आलं की घर."

"पायरीवर सुनंदा असेल. ती विचारील, तर मी काय सांगू?"

"सांग साहेबाने फसवलं म्हणून!"

"तिने साहेबाला रक्त नाही दिलं, दादा. मला दिलं."

आम्ही वळणावरूनच परत फिरलो. ज्या वाड्यासाठी ती एवढं शिकली, त्याच्यापासून पन्नास पावलांवर तिला तोंड फिरवावं लागलं. यापेक्षा मोठी चोरी मला ठाऊक नाही.

तिचं सामान मी घरी आणलं आहे. थंडीत खोबरेल थिजलं की ती बाटली उन्हात ठेवायची आणि काम सोडून ते विरघळताना बघत राहायची. यंदा थंडी पडली तशी माझ्या बायकोने तिची बाटली जनेलात, खिडकीतल्या उन्हात, ठेवली. पांढरं हळूहळू पारदर्शक होत गेलं. मी बघत उभा राहिलो. असा उभा राहणारा माणूस नव्हे मी.

संचालक साहेब, हे वृत्तपत्र तुमच्या शहरातही येतं. सुनंदा परवा आमच्याकडे आली आणि दारातच थांबली. कशाला आले ते आठवत नाही म्हणाली, आणि हसली. मी हसलो नाही. तिला अजून माणसं ओळखू येतात, विचारलेलं कळतं, सांगितलेलं उमगतं. तुमचं नावसुद्धा तिला पाठ आहे. तिच्या रक्तात काय होतं ते वाड्यावर येऊन तिला तुमच्या तोंडाने सांगा. सांगता येत नसेल तर का नाही, तेही तिलाच सांगा. मला नको, वर्तमानपत्राला नको. आणि लवकर या, तिला ऐकलेलं समजतंय तोवर या.