मधलं नाव

त्यांच्या दुकानावर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. गल्लीत सगळे त्यांना ‘नाववाले’ म्हणत. चषक, ढाली, दारावरच्या पितळी पाट्या, निवृत्त होणाऱ्या साहेबाला द्यायचं घड्याळ, जे समोर येईल त्यावर ते नाव कोरून देत. कुणी विचारलं, “काय, आज कुणाकुणाची नावं?” की उत्तर ठरलेलं असे, “लोक नावं ठेवतात, मी घालतो. तेवढाच फरक.” हा विनोद ते वीस वर्षं करत होते आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या आधी स्वतः हसत.

कामात मात्र हसण्यावारी काही नव्हतं. पितळेच्या पट्टीवर आधी पेन्सिलीनं दोन रेघा, मग अक्षरं मोजायची, वेलांट्या आणि मात्रांना डोक्यावर जागा सोडायची, आणि मग कोरणी टेकवायची. एकदा कोरणी फिरली की खोडरबराचा उपयोग नाही. म्हणून ते प्रत्येक नाव दोनदा वाचत: एकदा सुरुवातीकडून आणि एकदा शेवटाकडून, एकेक अक्षर. शाळेच्या कारकूनबाईंच्या यादीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी इतक्या वेळा काढून दिल्या होत्या की बाई म्हणत, “तुम्हीच का नाही शाळेत लागलात?”

झाडांना पालवी फुटू लागली की त्यांचा हंगाम सुरू होई. शाळांची वर्षं संपत आलेली, बक्षीस समारंभ एकामागून एक. घरीही तोच हंगाम. थोरला मुलगा नववीत, त्याच्या धावण्याच्या शर्यती आणि विज्ञान प्रदर्शन. धाकटी पाचवीत, तिचं समूहगीत आणि वक्तृत्व. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसे, आणि घरीही तिनं तशीच शिस्त लावली होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर थोरल्याचं सगळं लाल शाईनं, धाकटीचं हिरव्या शाईनं लिहिलेलं असे. नाववाल्यांच्या वाट्याला पेन्सिल होती. ‘बाबा : गॅस’, ‘बाबा : बूट आणणे’ असं त्यात लिहिलेलं सापडे.

धाकटीला घरात टकळी म्हणत. झोपेतून उठली की जी सुरू व्हायची ती पुन्हा झोपेपर्यंत. वक्तृत्व स्पर्धेत तीन मिनिटांचं भाषण तिनं पाच मिनिटं केलं होतं आणि घंटा वाजल्यावर परीक्षकांना म्हणाली होती, “एवढं एकच वाक्य राहिलंय.” ते एकच वाक्यही चांगलं लांबलचक होतं. त्यानंतरच्या गुरुवारी फलकावर निकाल लागला. पाचवी, वक्तृत्व, प्रथम : पुढे टकळीचं नाव आणि आडनाव. वर्गशिक्षिकांनी पाठ थोपटली. टकळी शाळेपासून घरापर्यंत पळत आली, आणि दारात पोचली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलता येईना.

त्या संध्याकाळी मामाला फोन झाला. मामा म्हणजे बायकोचा भाऊ, शेजारच्या गावी राहणारा, आवाज असा की फोन टेबलावर ठेवला तरी सगळ्या घराला ऐकू यावा. “मी येणार!” तो गरजला. “कॅमेरा घेऊन येणार! पहिल्या रांगेत बसणार!”

पुढच्या मंगळवारी शाळेकडून कोरण्यासाठीची यादी आली. फलकावर नुसतं नाव आणि आडनाव असे, पण चषकावर पूर्ण नाव लागतं, म्हणून या यादीत वडिलांचं, म्हणजे मधलं नावही असे. नाववाल्यांनी पाकीट लगेच फोडलं नाही. आधी चहा घेतला, चष्मा पुसला. इतक्या वर्षांत इतक्या बापांची नावं कोरली, आज त्यात आपलं येणार होतं. कुठल्या वळणाचं अक्षर घालायचं हेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

बोट खाली सरकत गेलं. पाचवी. वक्तृत्व. प्रथम. मुलीचं नाव बरोबर, आडनाव बरोबर. मधलं नाव दुसऱ्याच कुणाचं.

‘बाईंनी पुन्हा घोळ घातला,’ असं मनात म्हणून त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला. मग समासात लिहिलेलं बारीक ‘ब’ दिसलं. टकळी ‘अ’ तुकडीत होती.

त्यांनी फोन लावला.

“अहो, त्या नावाच्या पाचवीत दोघी आहेत,” कारकूनबाई म्हणाल्या. “तुमची ‘अ’मध्ये, दुसरी ‘ब’मध्ये. परीक्षकांच्या कागदावर स्वच्छ ‘ब’ आहे. मी तीनदा बघितलं.”

“मग फलकावर मधलं नाव का नाही घातलंत?”

“जागा नव्हती हो. सगळ्या स्पर्धा एका कागदात बसवायच्या होत्या.”

जागा नसणं म्हणजे काय हे नाववाल्यांइतकं कुणाला कळणार? त्यांना रागावताही येईना.

“माझं चुकलं,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “ती दुसरी पोर स्पर्धा सोडली तर इतकी अबोल, ती धरूनच चाललीय की नाव तुमच्या मुलीचं. सोमवारी मी दुरुस्त कागद लावते, तिच्या घरीही तेव्हाच कळवते. तोवर तुम्ही घरी सांगून टाका. फलकावर वाचण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.”

“हो,” ते म्हणाले. “आजच सांगतो.”

आणि खरंच, त्यांनी त्याच संध्याकाळी सुरुवात केली. थोरल्याची शर्यत होती. बायको एका हातानं त्याच्या बुटाची नाडी ओवत होती आणि दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली भरत होती.

“अगं, ऐक ना. शाळेची यादी आली.”

“आली का? मग आपल्या पोरीचं नाव आधी घ्या हं. घरचं काम म्हणून सगळ्यात शेवटी ढकलाल. आणि वेलांटी नीट द्या.”

“तेच सांगतोय. त्या नावात जरा...”

“बूट कुठाय दुसरा? अहो, बूट बघा आधी!”

बुधवारी विज्ञान प्रदर्शन होतं. थोरल्यानं पाणी गाळायचं यंत्र केलं होतं आणि ते नको तिथून गळत होतं. नाववाले दोन तास टेबलाखाली वाकून बादल्या बदलत राहिले. घरी परतताना टकळी त्यांच्या बोटाला धरून चालली होती, गर्दीत दोघंच मागे राहिले होते. आता सांगावं, असं त्यांनी ठरवलं.

“टकळे, समज, एखाद्याला वाटतं की आपल्याला एक गोष्ट मिळाली...”

“म्हणजे दादाला ना? दादाला काहीच नाही मिळणार, बाबा. सगळं भिजलं त्याचं. पण तुम्ही त्याला आत्ताच सांगू नका, बिचाऱ्याला वाईट वाटेल.”



गुरुवारी मामाचा फोन. कचेरीत सगळ्यांना सांगून झालं होतं, रजा मंजूर झाली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब भेटले, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टकळीसाठी पेन पाठवलं. एखादी चूक एका ठिकाणी असली तर माणूस ती दुरुस्त करील. ही गावभर झाली होती, आणि रोज एकेक जिना वर चढत होती.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोनं समारंभाची तालीम काढली. खाटेची बाजू म्हणजे रंगमंच. थोरला हातात उलटी वाटी धरून छायाचित्रकार झाला. चषकाच्या जागी पाण्याचा जग. “डाव्या हातानं घ्यायचा, उजवा हात मिळवायचा, आणि समोर बघून हसायचं,” बायको शिकवत होती. “आणि पाहुण्यांशी गप्पा मारत बसायचं नाही!”

“पाहुणे कोण?” टकळीनं विचारलं.

“बाबा. दुसरं कोण रिकामं आहे?”

नाववाले जग घेऊन उभे राहिले.

“पाहुणे, भाषण आवरा,” थोरला म्हणाला. “मागच्यांना भूक लागलीय.”

“थांबा, आधी नाव पुकारायचं असतं,” टकळी म्हणाली. “पूर्ण नाव. पुकारा ना, बाबा.”

तिघंही त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मुलीचं नाव घेतलं. मग मधे यायचं ते स्वतःचं नाव घेताना त्यांचा आवाज कुठेतरी अडकला. कसंबसं आडनावापर्यंत पोचले.

“बघा, बाबांचा गळा भरून आला,” बायको म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले. टकळी ऐटीत चालत आली, जग घेतला, हात मिळवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाववाल्यांनीही वाजवल्या.

शनिवारी थोरल्याच्या पुढच्या फेरीच्या शर्यती होत्या. दिवस मैदानात गेला.

रविवारी दुकान उघडं होतं. हंगामात सुट्टी कसली? पट्ट्यांचा ढीग समोर होता आणि ती एक पट्टी त्यांनी खालून वर, वरून खाली करत शेवटी हातात घेतली होती. नाव कोरून झालं. मधलं नाव झालं. आडनावाच्या नुसत्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. तेवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं, म्हणून ते दाराशी गेले.

मागच्या दारानं टकळी जेवणाचा डबा घेऊन आली. गिऱ्हाईक जाऊन ते वळले तेव्हा ती पट्टीवर वाकली होती.

“बाबा!” ती इतकी खदखदून हसली की डबा हिंदकळला. “बाबा, तुम्ही स्वतःचंच नाव चुकलात!”

नाववाले जागेवरच थांबले.

“सगळ्या जगाची नावं बरोबर घालता आणि स्वतःचं विसरलात! आई काय म्हणेल!” मग त्यांचा चेहरा बघून ती घाईघाईनं म्हणाली, “असू दे, असू दे. अजून आडनाव राहिलंय. दुसरी पट्टी घ्या. मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ. दादाला तर नाहीच.”

“टकळे,” ते म्हणाले.

“नाहीतर मी सांगीन की माझा धक्का लागला. मग तुम्हाला कुणी बोलणार नाही.”

“बाळा, ते चुकलेलं नाही.”

ती पुन्हा पट्टीकडे वळली. या वेळी तिनं बोट ठेवून वाचलं, बाप वाचे तसं, एकेक अक्षर. मधल्या नावापाशी बोट थांबलं.

“हे ‘ब’मधल्या तिच्या बाबांचं नाव आहे,” ती म्हणाली. “हजेरीत ऐकलंय मी. आमच्या दोघींचा खेळाचा तास एकत्र असतो.”

“हो.”

“म्हणजे पहिली ती आली.”

“हो.”

त्यांना वाटलं आता रडेल. रडली असती तर त्यांनी जवळ घेतलं असतं, डोळे पुसले असते, काहीतरी करता आलं असतं. पण ती विचार करत होती. तिच्या कपाळावर गणित सोडवतानाची आठी होती.

“तुम्हाला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“म्हणजे परवा पाहुणे झालात तेव्हा माहीत होतं?”

त्यांनी मान हलवली.

“मग टाळ्या का वाजवल्या?”

याचं उत्तर त्यांनी शोधलं. सगळे वाजवत होते म्हणून. तू इतकी छान चालत आलीस म्हणून. माझ्यात हिंमत नव्हती म्हणून. तिन्ही खरी होती आणि त्या मुलीच्या डोळ्यांपुढे ठेवण्याजोगं एकही नव्हतं.

“सांगणार होतो,” ते म्हणाले.

“कधी?”

बाहेर कुणीतरी सायकल लावून दुकानाकडे येत होतं. नाववाल्यांनी कोरणी खाली ठेवली, पट्टीवर फडकं टाकलं, आणि ऐन हंगामात, भर दुपारी, दुकानाचं दार ओढून घेतलं. “उद्या या,” ते येणाऱ्याला म्हणाले. रस्त्यानं टकळी दोन पावलं पुढे चालली. डबा तिनंच धरला होता, उघडलासुद्धा नव्हता.

घरी बायको टकळीच्या नव्या झग्याची किनार दुमडत बसली होती. ओठांत टाचण्यांची रांग होती, त्यामुळे ती निम्मं हातवाऱ्यांनीच बोलली. “इतक्यात आलात? बरं झालं. ती वरची पेटी काढून द्या. आणि गॅस...”

“अगं, ऐक.”

“ऐकते, पण आधी पेटी...”

“आई,” टकळी म्हणाली, “बाबांना बोलू दे.”

मग त्यांनी सांगितलं. यादी वाचावी तसं सांगितलं: दोन मुली, दोन तुकड्या, कागदात नसलेली जागा. बायको ऐकता ऐकता ओठांतली एकेक टाचणी काढून उशीत टोचत होती. थोरला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

“मला तरी सांगायचं होतंत,” बायको अखेरीस म्हणाली. “मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

‘सांगत होतो’ असं त्यांच्या ओठांवर आलं. बूट, बादल्या, गॅस, सगळं आठवलं. ते खरं होतं आणि त्याचा काडीइतका उपयोग नव्हता.

बायकोनं झगा बाजूला ठेवला. टकळीला ओढून मांडीवर घेतलं. ती आता मांडीवर मावत नव्हती, तरी घेतलं. “तू पाच मिनिटं बोललीस ना? मग परीक्षकांनी ऐकलं की नाही पाच मिनिटं?”

“त्यांनी घंटा वाजवली, आई.”

“हो, ते आहेच,” बायको म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि तिच्यातली नोंदणीच्या खिडकीतली बाई पुन्हा कामाला लागली. “आता मामाला, काकूंना, वकीलसाहेबांना, डॉक्टरीणबाईंना, सगळ्यांना सांगायला हवं. आणि ते तुम्ही सांगायचं. मी नाही, आणि पोरीनं तर अजिबात नाही.”

“कधी?” नाववाल्यांनी विचारलं, आणि आपण काय विचारलं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

टकळीनं आईच्या मांडीवरून उतरून एक खुर्ची ओढली आणि बापाच्या समोर बसली. हाताची घडी घातली. परीक्षक बसतात तशी.

त्यांनी फोन उचलला. पलीकडे दुसऱ्याच घंटेला मामाचा आवाज घरभर झाला.

“बोला दाजी! मी आता तुम्हालाच करणार होतो! साहेबांनासुद्धा घेऊन येतोय, त्यांना आपल्या टकळीचं भाषण ऐकायचंय! पहिल्या रांगेत अजून एक खुर्ची सांगा! आणि मी काय म्हणतो, फुलांचा गुच्छ लहान आणू की...”

नाववाल्यांनी मुलीकडे बघितलं. ती त्यांच्यावरची नजर हलवत नव्हती.

“जरा थांबा,” ते म्हणाले. मामा थांबला नाही. “थांबा हो,” ते पुन्हा म्हणाले, आणि आवाज अडकला तरी पुढे बोलत राहिले. “आधी माझं ऐकून घ्या.”