मिरवणुकीआधी नाहीसा झालेला हवालदार

निपाणी भागातल्या पोलीस नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्याकडं फौजी पेन्शनवर घरी आला की गाव त्याला वेशीपासून जीपमधून मिरवत आणतं. हलगी, गुलाल आणि फटाक्यांच्या माळा. त्या गावातही तयारी झाली होती, फ्लेक्स लागले होते. आणि मिरवणुकीच्या तोंडावर, जिची तयारी होती तो फौजेतला हवालदारच घरातून नाहीसा झाला.

बेपत्ता असल्याची तक्रार वडिलांनी दिली. तेही माजी सैनिक. ताठ बसून म्हणाले, "सायेब, सून काय तरी लपवती. तिला घ्या आत." गावानं तर तिला खुनी ठरवूनच टाकलं होतं.

मग खबर आली. मिरवणुकीचे फटाके पुरवणाऱ्या किराणा दुकानदाराचा फोन: "हवालदाराची बायको रोज दुपारी भरलेला डबा घेऊन निपाणीच्या बसला बसती, आन् रिकामा घेऊन येती."

चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, असा कायदा आहे. मी महिला पोलिसाला घेऊन तिच्या घरी गेलो.

"आक्का, डबा कुणाला नेतीस?"

"कुत्र्याला."

"लई नशिबाचं कुत्रं हाय की गं!"

ती हसली नाही. नंतर कितीही विचारलं तरी गप्प. माझी नजर खिडकीकडं गेली. ऐन उन्हाळ्यात फटींत चिंध्या कोंबलेल्या.

तेवढ्यात गल्लीतून लग्नाची वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. बाई धावली, खिडकीची दोन्ही दारं ओढली, कडी घातली आणि मागं वळून रिकाम्या खाटेकडं बघितलं. ती स्वतः दचकलीच नव्हती.

मी विचारलं, "खिडकी कुणासाठी लावलीस?"

ती खाली बसली. "हे सुट्टीवर आले की असंच करत आले मी. माळ वाजली की खाटंखाली शिरत्यात. गावासमोर असं झालं तर जगणार न्हाय म्हणालेत. मला खुनी म्हणा, पण ती मिरवणूक होऊ देऊ नका."

ठाणं कर्नाटकातलं, म्हणून जबाब कन्नडमध्ये लिहायचा होता. मी पेन बंद करून एवढंच विचारलं, "कुठं हायत ते?"

तिनं सांगितलं तसा, निपाणीत तिच्या भावाच्या बंद तंबाखू वखारीत हवालदार सापडला. दाढी केलेली, बूट चकचकीत. मला बघून सावधान उभा राहिला. "पळालो न्हाय, सायेब. आवाज झाला की अंग माझं राहत न्हाय."

गुन्हा नव्हताच. फाईल बंद करून मोकळा होऊ शकलो असतो. पण जवानाच्या नावानं घसा फोडणाऱ्या गावात त्याच्या बायकोला "तू कशी आहेस" असं एकानंही विचारलं नव्हतं. असल्या देशभक्तीला मी अर्धवट म्हणतो.

हवालदाराला घरी आणून सगळं सांगितलं, तसे वडील कडाडले, "मी बी फौजेत होतो. आमच्या टायमाला असलं काय नव्हतं!"

चुलीपुढून हवालदाराची म्हातारी आई म्हणाली, "नव्हतं व्हय? मग झोपंत उठून माझा गळा धरायचा तो कोण, शेजारचा आप्पा?"

 दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोला बेळगावला समुपदेशनाला न्यायला मी गाडी लावली, तर म्हातारा आधीच आत बसला होता.

समुपदेशक बाईंनी पहिला प्रश्न हवालदाराला नाही, त्याच्या बायकोला विचारला. "ताई, तुम्ही शेवटचं निवांत कधी झोपलात?" ती रडली, ते सगळ्या वर्षांचं. औषध, बोलणं, पुन्हा बोलणं, असं सावकाश चाललं. सगळं बरं झालं असं म्हणणार नाही. पण त्या खिडकीतल्या चिंध्या एकेक करून तिनंच काढल्या.

मिरवणूकही झाली, माळांशिवाय. हलगी चालेल, असं हवालदारच म्हणाला, आणि जीपमध्ये बायकोला शेजारी बसवलं. हल्ली गावच्या देवळात फौजींच्या बायका समुपदेशक बाईंसोबत बोलत बसतात. म्हातारा सतरंजी अंथरतो, आणि हळूच मागं बसतो.

गप्प राहणारा काही तरी लपवतो, असं नोकरीत शिकलो होतो. या बाईनं शिकवलं की तो पहाराही देत असतो. सीमेवर पहारा बदलायला दुसरा जवान येतो. घरातल्या पहाऱ्यावरून तिला सोडवायला कोण येणार? ते काम आपलं आहे.

परवा त्या गावात गेलो होतो. दुसऱ्या एका फौजीच्या स्वागताला पोरं त्याच किराणा दुकानात माळा घ्यायला आली होती. दुकानदारानं हात मागं घेतला.

"आधी त्येच्या घरी वैनीला इचारून या रं."