एका हाकेला ओ न्हाय

शाळेच्या गेटवर बसलं की किस्से शोधावे लागत न्हाईत, आपोआप पायांत येऊन पडतात. राजारामपुरीतली ही शाळा पोरांना जर्मन, फ्रेंच शिकवते. वर 'ग्लोबल स्किल' म्हणून एक तास. मी चौथी नापास, गेट सांभाळतो. माझी नात सई इथंच पाचवीत हाय.

*

ग्लोबल स्किलच्या तासाला पोरं रिकाम्या खुर्च्यांशी हात मिळवत होती. "परदेशी पाहुणे आलेत असं समजा," मॅडम म्हणाल्या. तास संपल्यावर मी खुर्च्या आत सारत होतो. एकीची बैठक गरम लागली. तिच्यावर तर कुणी बसलं नव्हतं.

म्हटलं, पावणं बसलं असलं तर बसू दे. ती तेवढी खुर्ची सोडून दिली.

*

भाषेच्या लॅबमध्ये पोरं हेडफोन लावून बोलतात. मशीन त्यांचा आवाज ठेवून घेतं.

"कशाला?" मी मॅडमना विचारलं.

"पुन्हा ऐकवायला, काका."

"आणि पोरगं शाळा सोडून गेलं की?"

"आवाज राहतो की."

कुणाजवळ, ते त्यांनी सांगितलं न्हाय.

*

मग सईबद्दल मॅडमची तक्रार आली. नाव घेतलं की गप्प बसते, दुसऱ्या हाकेला बोलते. हे तिला माझ्या बायकोनं शिकवलेलं. ती चंदगडची. तिकडं रानातनं एकच हाक आली तर ओ देत न्हाईत. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो, ते दुसरं जे काय असतं ते एकदाच मारतं.

मॅडम म्हणाल्या, "जर्मनीला मुलं न्यायची आहेत. पहिल्या हाकेला बोलली नाही तर सई नाही."

पोरगी रडरड रडली. शेवटी मीच म्हटलं, "दे बाई ओ. जर्मनीत कुठलं आलंय रान?"

*

परवा दुपारी लॅबमध्ये तिची निवड होती. मॅडम, सई आणि पालक म्हणून मी. सईनं हेडफोन उचलायच्या आतच लाईट गेली. मशीन बंद, पडदा काळा.

खुंटीवरच्या हेडफोनमधनं हाक आली, "सये."

तिला सये म्हणायची ती एकटी माझी बायको. गेल्या श्रावणात वारली.

"सई, तुला बोलावलं ना? उत्तर दे," मॅडम म्हणाल्या.

सईनं तोंड उघडलं. मी त्यावर हात दाबला. "जर्मनी गेली खड्ड्यात," म्हटलं, "गप बस."

दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आली न्हाय.

आलं ते उत्तर. त्याच हेडफोनमधनं, सईच्या आवाजात. "ओ, आजी."

सईचं तोंड अजून माझ्या हाताखाली होतं.