सनान मास्तरांचं हृदय

थायलंडातल्या लाम्पांगला आमच्या गल्लीत खामनोईएवढी जळकी बाई दुसरी नव्हती, आणि ती जळायची नवऱ्याच्या विद्यार्थ्यांवर. सनान मास्तर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. घरी ‘हं’ आणि ‘वाढ’ यापलीकडे शब्द नाही. वर्गात मात्र माणूसच वेगळा. एकसारख्या पेशींची ऊती होते, ऊती मिळून अवयव, अवयव मिळून संस्था, आणि साऱ्या संस्था मिळून आपण, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. डबा द्यायला गेलेली खामनोई खिडकीशी उभी राहून ऐकायची.

“माझ्याशी कधी इतकं गोड बोलला नाही मेला,” असं घरी येऊन मला म्हणायची.

मास्तर गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेने त्यांचा देह वैद्यकीय कॉलेजला दिला. आमच्याकडे अशा माणसाला शिकणारी मुलं ‘थोर गुरुजी’ म्हणतात, त्याच्या पाया पडून मगच हात लावतात. गल्लीला केवढा अभिमान! खामनोईचा मात्र तिळपापड.

“मेल्यावरही पोरांकडेच गेला. मला राखसुद्धा नाही!”

मुलांचं शिकणं संपलं तेव्हा दहनाचं बोलावणं आलं. मी तिच्यासोबत गेले. देवळाच्या मांडवात ओराथाई नावाची एक विद्यार्थिनी तिच्यापुढे गुडघे टेकून बसली.

“मावशी, मी गुरुजींकडेच शिकले. त्यांचं हृदय या हातांत धरलं होतं मी.”

जणू सवतच समोर आली, असा खामनोईचा चेहरा झाला.

“मी जन्मभर संसार केला, मला नाही कधी धरायला मिळालं,” ती फटकन म्हणाली. मग राहवेना. “कसं होतं गं?”

पोरगी गांगरली. “मुठीहून थोडं मोठं. एका बाजूला पांढुरका डाग होता, जुन्या झटक्याचा. हृदयाच्या पेशी मेल्या की पुन्हा फारशा तयार होत नाहीत. त्यांच्या जागी व्रण भरतो. तो नुसता धरून ठेवतो, धडधडत नाही. उरलेल्या पेशींनी ते काम ओढलं. तुम्हाला ठाऊक असेलच ना?”

ठाऊक नव्हतं.

“सोंगक्रानच्या सणात,” खामनोई म्हणाली, “छाती धरून पायरीवर बसला होता. म्हणाला, अपचन झालंय. मी आल्याचं पाणी दिलं, वर खादाड म्हणून झापलं. पुढे सायकल सोडली त्यानं. मला वाटलं, मला बाजारात न्यायचा कंटाळा.” एकदम तिने मान वर केली. “हे तुला नव्हतं ना माहीत?”

“नाही, मावशी. तो झटका कधी आला असेल, असं आम्ही सारखं बोलायचो.”

“मग नीट ऐक.”

आणि तिने सगळं सांगितलं. ते बसून कसे झोपायचे, पेज किती पातळ लागायची. सांगता सांगता रडली. चितेवर चंदनाचं फूल ठेवताना तिने ओराथाईला शेजारी उभं राहू दिलं. अर्थात एक पाऊल मागे.

ओराथाई आता अधूनमधून जेवायला येते. परवा चिकट भाताचा घास घेता घेता तिने “गुरुजींचं यकृत…” असं सुरू केलं.

“गप जेव,” खामनोई म्हणाली. “या घरात त्याच्याबद्दल मी बोलणार.”